विषय: पाडव्याचं पाणी – बाटल्या की पिंप? (कार्यक्रम शनिवार, २५ मार्च)

मेधा (भोजन समिती):
मंडळी, बाटल्या आणायच्या की नाही ते आज रात्रीपर्यंत सांगा, उद्या मी खरेदीला जातेय. मीटिंगमध्ये ठरलं ते असं: यंदा २०२३ चा पाडवा आणि जागतिक जल दिन एकाच दिवशी, २२ ला आलेत. म्हणून आपल्या जेवणात बाटल्या नाहीत, नळाचं पाणी, ग्लासामागे एक डॉलर, जमेल ते युनिसेफला मुलांच्या पाण्यासाठी. २००७ साली न्यूयॉर्कच्या रेस्टॉरंटांनी हेच केलं होतं. एका डॉलरात एका मुलाला ४० दिवस पाणी, असा तेव्हा हिशेब सांगत. पण हॉलमध्ये प्यायच्या पाण्याचा नळ एकच, तोही बाथरूमशेजारी. अडीचशे माणसं तिथे रांग लावणार का?

सुहासकाका:
पाण्याचे पैसे? आणि तेही पाडव्याला? आमच्याकडे चैत्र लागला की पेठेत पाणपोई लागायची, रांजणाला ओलं लाल फडकं गुंडाळलेलं. तिथे कोणी गल्ला मांडून बसत नसे. डॉलर घेणार असाल तर मी त्या टेबलावर उभा राहणार नाही, आत्ताच सांगतो. मसाला दुधाच्या कुपनांचं काय झालं ते आठवतंय ना?

नीलिमा:
काकांशी सहमत. पाणी फुकट, शेजारी डबा, ज्याला वाटेल तो टाकेल. आणि युनिसेफच का? मराठवाड्यात उन्हाळा लागला की टँकर सुरू होतात. तिथल्या एखाद्या शाळेला द्या.

संदीप (खजिनदार):
मराठवाडा दर वर्षी निघतो आणि दर वर्षी मी हेच लिहितो. परदेशातून देणगी घ्यायची तर भारतातल्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीपासून ते पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. शाळेच्या नावाने चेक फाडला की झालं, असं नसतं.
दुसरं, डब्यात टाकलेल्या रोख पैशाची पावती कोणालाही मिळणार नाही. ज्यांची कंपनी कर्मचाऱ्याच्या देणगीत तेवढीच भर घालते त्यांनी मंडळाला मध्ये न घेता स्वतःच्या नावाने थेट युनिसेफ यूएसएला द्यावेत. टेबलावर क्यूआर कोड ठेवू. डबा पोरासोरांसाठी.

सुहासकाका:
नीलिमा, युनिसेफला परकं समजू नकोस. आफ्रिकेतल्या खेड्यांत इंडिया मार्क टू हातपंप दिसतो ना, त्याचं मूळ आपल्याकडचं. आधीचे बिडाचे पंप एका कुटुंबाच्या बेताचे. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की मोडून पडायचे. मग जालन्याच्या मिशनमध्ये पोलादी पंप तयार झाला, सोलापुरात तो सुधारला, आणि सत्तरच्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने त्यावरूनच मार्क टू उभा केला. मी सोलापूरचा म्हणून सांगत नाही (सांगतोच आहे). आम्ही दोघे भाऊ दांड्याला लोंबकळायचो तेव्हा कुठे कळशी भरायची.

प्राची:
हातपंप लावले म्हणजे पाणी शुद्ध झालं असं नाही, काका. बांगलादेशात रोगराई टाळायला युनिसेफच्याच मदतीने कूपनलिका खोदल्या आणि नव्वदच्या दशकात त्यांच्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. पाणी नितळ, चवीला ठीक, तपासल्याशिवाय कळत नाही. तेव्हा पाणी तपासायलाही पैसे लागतात, हे फलकावर लिहू या. फलक मी करते, पण या वेळी मजकूर कोणी परस्पर बदलू नये.

मेधा:
सगळं छान. पिंप कुठे आहे?

अनिल:
माझ्या गॅरेजमध्ये, गणपतीपासून. मागच्या वेळी न विचारता नेलं आणि तोटी गळकी करून आणून ठेवलं. या वेळी सही करून न्यायचं.

मेधा:
पिंप मंडळाचं आहे अनिलदादा, बिल माझ्याकडे आहे. पण करते सही. शुक्रवारी सातला येते, तोटीचं वॉशर घेऊन. बाटल्या रद्द, डॉलर रद्द, डबा ठेवतोय. स्टीलचे पेले पन्नासच आहेत, म्हणून प्रत्येकाने घरून आपापला आणावा.

नीलिमा:
पेल्यांवर नावं घाला. दिवाळीपासून माझे दोन अजून कोणाकडे तरी आहेत.