जाड गरोदर बाईने चालावं की पडून राहावं?

देवगडकरीण
माझी जाऊ पाचव्या महिन्यात आहे. उंची पाच फूट एक इंच, दिवस राहिले तेव्हा वजन ७४ किलो. डॉक्टरांनी सांगितलं, नऊ महिन्यांत मिळून ५ ते ९ किलोच वाढू द्या आणि रोज अर्धा तास चाला. घरात मात्र सासूबाईंचं "दोन जिवांची आहे, खाऊ दे". चारच्या चहाला खोबऱ्याच्या वड्या, आणि अंगणाची पायरी उतरायची नाही. मला हे लाड वाटत नाहीत. वजन आधीच जास्त असलं की गरोदरपणातला मधुमेह, वाढता रक्तदाब, सिझेरियन, सगळ्याचीच शक्यता वाढते. लोहाच्या गोळीसारखं चालणंही नेमाने व्हायला हवं.

कातळावरची
कुठे चालायचं ते पण सांगा. जुलैत आमच्या पाखाडीवर शेवाळ धरतं, धडधाकट गडी घसरतो. बाई विहीर, गोठा, चूल करून दिवसभर उभीच असते, तिला आणखी व्यायाम? वर तपासणीला गेलं की काट्यावर उभं करून चारचौघांत टोमणे. माझी मावसबहीण त्या धाकाने तपासणीच चुकवायला लागली. यात कोणाचं भलं झालं?

देवगडकरीण
टोमण्यांचं अगदी मान्य. पण पावसात पडवी आहे ना? दहा-दहा मिनिटं तीनदा चाललं तरी पुरतं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग. चुलीपुढे उभं राहून पाय सुजतात, दम लागत नाही.

खाडीपलीकडे
व्यायामाचा जरा जास्तच गवगवा होतोय. ब्रिटनमध्ये 'अपबीट' नावाची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ साली आले. १५५५ स्थूल गरोदर बायका, निम्म्यांना आहार-व्यायामाचं खास मार्गदर्शन. मधुमेहाचं प्रमाण घटलं नाही, मोठ्या वजनाची बाळंही कमी झाली नाहीत.

देवगडकरीण
अर्धंच सांगितलंत. त्याच चाचणीत मार्गदर्शन घेतलेल्यांचं वजन थोडं कमी वाढलं. नऊ महिन्यांत चमत्कार नाही झाला म्हणून पडूनच राहायचं?

नर्सताई
दोघींच्या भांडणात दोन गोष्टी राहिल्या. सरसकट सगळ्यांना चालायला लावू नका. वार (बाळाला पोसणारी, नाळ जोडलेली असते ती) खाली असेल, रक्तस्राव होत असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका असेल किंवा रक्तदाब चढलेला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि वजन उतरवायला म्हणून जेवण तोडणं तर अजिबात नको, उपासही नकोत. दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नव्हे एवढंच. पहिले तीन महिने सरले की वरचे साधारण ३५० कॅलरी लागतात, म्हणजे नाचणीच्या दोन लहान भाकऱ्या आणि वाटीभर आमटी. बांगडा खुशाल खा, पण तळलेला रोज नको. साखरेची तपासणी चुकवू नका: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० किंवा वर आली तर लक्ष द्यायचं.

कातळावरची
हे पटलं. पण माझा मूळ मुद्दा तसाच आहे. तिने पडवीत फेऱ्या मारायच्या, तेवढा वेळ घरातलं काम कोण उचलणार? तुम्ही, की सासूबाई?

देवगडकरीण
भावोजी. रात्रीची भांडी आता त्यांच्याकडे. सासूबाई तोंड फुगवून आहेत, पण वड्यांचा डबा वरच्या फळीवर गेलाय.