प्रोग्रॅमिंगची पहिली भाषा कुठली: जावा की पायथन?

कृष्णाकाठ:
भाचा सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पहिलं वर्ष टर्बो सी या सी भाषेच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर गेलं, पुढच्या वर्षी नोकरीच्या कॅम्पस मुलाखती. वर्गातली निम्मी पोरं पायथनच्या मागे, एआय म्हणे. मी १८ वर्षं बँकांच्या कामात जावा लिहितोय आणि त्याला सांगतोय, बाबा, आधी जावा कर. कुठल्या डब्यात काय (आकडा की अक्षरं) ठेवणार हे तिथे आधी सांगावं लागतं, नाहीतर कंपायलर, म्हणजे कोड तपासून चालवण्याजोगा करणारा प्रोग्रॅम, दारातच हटकतो. ही सवय कोवळेपणी लागली तर लागली. पटत नसेल तर बोला.

तिरकस_अर्धविराम:
नाही पटत. जावात पहिली ओळ छापायची तर 'पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन' घोकायचं. अर्थ विचारला की सर म्हणणार, "पुढच्या सेमिस्टरला कळेल." माझ्या धाकट्या बहिणीने पायथनच्या दुसऱ्याच आठवड्यात बाबांच्या पाच वर्षांच्या ऊस बिलांची फाइल उघडून कुठल्या हप्त्यात किती कपात झाली ते काढून दाखवलं. बाबा तेव्हापासून तिला मुनीमजी म्हणतात. आणि शिस्तच हवी तर टाइप हिंट्स, म्हणजे डब्यात काय ठेवणार ते लिहायची सोय, पायथनात ३.५ आवृत्तीपासून आहेत.

कृष्णाकाठ:
आहेत, पण प्रोग्रॅम चालताना त्यांना विचारतो कोण? आकडा हवा तिथे अक्षरं दिली तरी पायथन निमूट आत घेतं. घोकंपट्टीचं म्हणाल तर जावाच्या २५व्या आवृत्तीपासून नुसतं 'व्हॉइड मेन' पुरतं. (अभ्यासक्रमात ते कधी येईल ते सोडा.)

तिरकस_अर्धविराम:
तुमचं जावा तरी कुठे सरळ? दोन इंटिजर ऑब्जेक्टमध्ये (पूर्णांकाच्या डब्यांत) १२७ ठेवून == (इथे 'डबा तोच का?' असं विचारणारी खूण) लावा, ट्रू. १२८ ठेवा, फॉल्स! उणे १२८ ते १२७ आधीच बनवून ठेवलेले असतात, पुढचा प्रत्येक डबा वेगळा. मुलाखतीत यावरच आपटलोय मी.

मेनफ्रेमवाली:
दादा, पायथनच्या प्रॉम्प्टवर 'इज' (तिथलं 'डबा तोच का?') लावून २५६ आणि २५७ करून बघा. माझ्या लॅपटॉपवर तीच गंमत होते.
२००७ साली पुण्यात रुजू झाले तेव्हा मला सी++ येत होतं. बॅचला लागलं कोबोल, १९५९ची भाषा! घरी फोन करून रडले. सर्व्हिस कंपनीत फ्रेशरला कोण विचारतंय? पण तिथेच कळलं की पैसा फ्लोटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अंदाजे दशांशात, ठेवायचा नाही. ०.१ अधिक ०.२ जावात करा नाहीतर पायथनात, ०.३०००००००००००००००४ येतं. कोबोलच्या दशांश खात्यात पै न पै जुळते. जावात बिगडेसिमल हा अचूक दशांशाचा प्रकार घ्यावा लागतो, तोही "०.१" असा अवतरणात देऊन. अवतरण विसरलात की चूक पुन्हा आत. हे ज्याला समजलंय तो पोरगा मला कुठल्याही भाषेतला चालेल. एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) येत नसेल तर मात्र मी पुढचा प्रश्नच विचारत नाही.

तिरकस_अर्धविराम:
ताई, तुम्ही निभावलंत. माझ्या ओळखीचे तिघे नको ती भाषा गळ्यात पडून सहा महिने बेंचवर (कंपनीत, पण कामाविना) बसले आणि शेवटी बाहेर पडले. स्वतःचं काही केलेलं दाखवायला असेल तर माणूस निदान दुसरं दार ठोठावतो. आणि ते पायथनात लवकर होतं, एवढंच म्हणणं आहे.

कृष्णाकाठ:
एसक्यूएलचं मान्य. तीन टेबलांचा जॉइन (तक्ते जोडून माहिती काढणं) येतो का, आज रात्रीच विचारतो त्याला. पायथन दिवाळीनंतर बघू.