जमीन कमी आहे म्हणूनच घरं महाग आहेत का?

पायवाट:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून विचारतो. दाट वस्तीच्या कुठल्याही मोठ्या शहराचा विषय निघाला की एकच उत्तर मिळतं, जमीनच नाही हो, माणसं वाढतायत, मग घरं महाग होणारच. पण त्याच शहरात मोक्याचे प्लॉट पत्रे ठोकून वर्षानुवर्षं पडलेले असतात, नव्या टॉवरमध्ये रात्री कितीतरी खिडक्यांत दिवा नसतो, आणि नवरा-बायको दोघं कमावते असूनही त्यांना हद्दीबाहेर लांब कुठेतरी घर शोधावं लागतं. मग टंचाई नक्की कशाची आहे? बिल्डर जमिनी दाबून ठेवतात म्हणतात ते कितपत खरं? आणि उंच बांधायला सरसकट परवानगी दिली तर भाव उतरतील का? ज्यांना यातलं कळतं त्यांनी जरा खोलात लिहा.

मोजपट्टी:
जमीन कमी हे अर्धंच खरं आहे, आणि ते बघायला हाँगकाँगसारखं उदाहरण नाही. तिथली साधारण चौथा हिस्साच जमीन बांधलेली आहे, आणि नुसत्या राहत्या घरांखाली एकूण जमिनीच्या ७ टक्क्यांच्या आसपास. ४० टक्क्यांच्या जवळपास राखीव डोंगर आणि उद्यानं, ते राखायलाच हवं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण बाकीचं बघा. जवळपास सगळी जमीन सरकारच्या मालकीची, बिल्डरला ती लिलावात भाडेपट्ट्याने मिळते, आणि लिलावाचा पैसा, जमिनीचा वापर बदलून घेताना भरायची रक्कम म्हणजे प्रीमियम, ह्यावर सरकारी तिजोरी बरीच अवलंबून. म्हणजे जमीन सोडायची कधी हे ज्याच्या हातात त्यालाच भाव पडलेले परवडत नाहीत! वर १९८४ च्या ब्रिटन-चीन करारात वर्षाला ५० हेक्टरची मर्यादाही घातलेली होती, ती दोघांच्या संमतीने वाढवता यायची आणि १९९७ ला संपली, पण जमीन मोजून-मापून सोडायची सवय काही संपली नाही.

आता दाबून ठेवण्याचं. हाँगकाँगच्याच न्यू टेरिटरीज भागात मोठ्या बिल्डरांकडे निदान १००० हेक्टर शेतजमीन असावी असा अंदाज सरकारनेच नेमलेल्या गटाने २०१८ मध्ये मांडला. त्या जमिनीचा वापर बदलून घ्यायचा, प्रीमियमवर घासाघीस करायची, रस्ता-ड्रेनेज कोण आणणार ह्यावर भांडायचं, ह्यातच वर्षं जातात. आणि त्याच शहरात २०२१ च्या जनगणनेत दोन लाखांहून जास्त माणसं तुकडे पाडलेल्या फ्लॅटमध्ये राहत होती. एका फ्लॅटला मधे पातळ भिंती घालून चार-पाच खोल्या काढायच्या, एकेका खोलीत कुटुंब, बऱ्याच ठिकाणी संडास आणि शेगडी एकाच कोपऱ्यात. आणि तिथल्याच फॅनलिंग भागात १७२ हेक्टरचं गोल्फ कोर्स. त्यातले फक्त ३२ हेक्टर सरकारने २०२३ मध्ये परत घेतले, त्यावरूनही कोर्टबाजी झाली. जमीन नाही म्हणताना ही जमीन मोजायची की नाही?

शाईचाडाग:
मी काही वर्षं बांधकाम कंपनीत हिशोबाच्या बाजूला होतो त्यामुळे तेवढंच सांगतो. लोकांना वाटतं जमीन महाग मिळाली म्हणून फ्लॅट महाग. हिशोब उलट्या बाजूने चालतो. आधी इथे फ्लॅट कितीला जाईल ते धरतात, त्यातून बांधकाम, व्याज, फी, नफा वजा करतात आणि उरेल ते जमीनमालकाला. समजायला सोपे आकडे घेऊ. विक्रीतून १०० येणार, बांधकाम ४५, व्याज आणि फी १५, नफा २०, जमिनीला उरले २०. उद्या त्या भागात मेट्रो जाहीर झाली आणि विक्री ११० वर गेली, बाकी खर्च तेवढाच राहिला, तर जमीन ३० ची झाली. फ्लॅट १० टक्क्यांनी वाढला, जमीन दीडपट. मालकाने एक वीटही रचली नाही, मेट्रो लोकांच्या पैशातून आली. मग कोण कशाला घाईने विकेल, थांबणं हाच धंदा होतो.

आता ह्याची दुसरी बाजू. ज्या बिल्डरने भाव चढलेले असताना ३० ला जमीन घेतली आणि नंतर विक्री परत १०० वर आली, तो अडकतो. स्वस्तात विकला तर नफाच जातो, कर्ज देणाराही मोकळा सोडत नाही, मग काम मंदावतं आणि प्लॉटला पत्रे लागतात. पत्र्यामागे दरवेळी हाव असते असं नाही. पण मुद्दाम हळू जाणं हेही खरंच आहे. इंग्लंडमध्ये माजी मंत्री ऑलिव्हर लेटविन यांनी सरकारसाठी ह्याचा अभ्यास केला होता, २०१८ चा अहवाल आहे. परवानगी मिळालेल्या मोठ्या साइट इतक्या रेंगाळतात का, तर आसपासचा भाव न पाडता बाजारात जेवढी घरं खपतील तेवढ्याच वेगाने बिल्डर बांधतात. म्हणूनच पाचशे फ्लॅटची परवानगी हातात असली तरी आधी एकच विंग बुकिंगला काढतात. त्यामुळे परवानग्या वाढल्या म्हणजे तितकी घरं आली असं धरून चालू नका.

टेकडीवरून:
शाईचाडाग, हिशोब पटला, पण त्यातूनच तर दाट बांधायची परवानगी सगळीकडे हवी हे निघतं ना? एकाच प्लॉटचा एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण) वाढवला तर तो मालक लॉटरी लागल्यासारखा बसून राहील, पण शहरभर वाढवला तर तो अडला तरी शेजारचा बांधेल, कुणा एकाला अडवून धरता येणार नाही. ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या साधारण तीन-चतुर्थांश भागावर जास्त दाट बांधकामाला मुभा दिली आणि पुढच्या वर्षांत बांधकामाच्या परवानग्या चांगल्याच वाढल्या, त्यातही जोडघरं आणि छोट्या इमारतींच्या जास्त. जपानमध्येही झोनिंगची, म्हणजे कुठे काय बांधता येईल ह्या नियमांची, चौकट देशपातळीवर ठरते, त्यामुळे नियमात बसणारी इमारत असेल तर शेजाऱ्यांच्या विरोधावर ती सहसा अडत नाही. बिल्डरला शिव्या घालताना जे आधीच घरमालक आहेत आणि आमच्या गल्लीत उंच इमारत नको म्हणून सही-मोहीम चालवतात त्यांना आपण फार सहज सोडून देतो.

रानवारा:
टेकडीवरून, तुमचं म्हणणं चूक नाही पण ज्याचा पगार खरंच कमी आहे त्याच्यापर्यंत हे कधी पोचणार? जी शहरं ह्या माणसापर्यंत पोचली त्यांनी जमीनच हातात घेतली. सिंगापूरने १९६० ला गृहनिर्माण मंडळ काढलं, १९६६ ला भूसंपादनाचा कायदा केला, आणि १९७३ नंतर मोबदला त्या वर्षाच्या नोव्हेंबरातल्या भावाला बांधून टाकला, म्हणजे मेट्रोमुळे वाढलेली किंमत मालकाला मिळायचीच नाही. बाजारभावाने मोबदला पूर्णपणे आला तो २००७ ला. आज तिथली साधारण ८० टक्के माणसं मंडळाच्या घरात राहतात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी ह्याची मोठी किंमत मोजली हे मला मान्य आहे, शिवाय घर ९९ वर्षांच्या पट्ट्यावर असतं, पट्टा संपत आला की घराचं काय हा प्रश्न तिथे आता लोकांना छळतोय.

व्हिएन्नाची वाट वेगळी. १९२३ पासून घरांवर कर लावला, तोही श्रीमंतांच्या मोठ्या घरांवर चढत्या दराने, आणि त्या पैशातून १९३४ पर्यंत ६० हजारांच्या वर घरं बांधली. शहराकडे आजही २ लाखांहून जास्त भाड्याची घरं आहेत आणि ती विकून टाकली नाहीत ही त्यातली मोठी गोष्ट. बाकी कितीतरी शहरांनी बांधलेली सरकारी घरं पुढे विकली आणि परत शून्यावर आली.

पायवाट:
खूप आभार सगळ्यांचे, विशेषतः १०० आणि ११० चा हिशोब, तो मी घरी सगळ्यांना मांडून दाखवला. एकच राहिलं, रिकाम्या फ्लॅटवर आणि पडून असलेल्या जमिनीवर कर लावला तर?

मोजपट्टी:
व्हँकूव्हरने २०१७ पासून रिकाम्या घरांवर कर लावलाय, सुरुवात १ टक्क्याने, नंतर ३ वर नेला. त्याने काही घरं भाड्याला निघाली, पण मूळ प्रश्नाच्या मानाने आकडा लहान. मला जमिनीवरचा कर जास्त पटतो. एस्टोनियात १९९३ पासून कर फक्त जमिनीच्या किमतीवर आहे, वरच्या इमारतीवर नाही. प्लॉट मोकळा ठेवा नाहीतर दहा मजले बांधा, कर तेवढाच. मग पत्रे ठोकून बसणं दरवर्षी खिशाला लागतं.

रानवारा:
ह्यात भाडेकरूंचं बघा मात्र. जुन्या बैठ्या इमारतीखालच्या जमिनीवर असा कर बसला की मालकाला ती पाडायची घाई होते, आणि आत कमी भाड्यात राहणारी म्हातारी माणसं आधी बाहेर पडतात. नवीन इमारतीत त्यांना त्याच भागात, त्यांना झेपेल अशा भाड्यात जागा द्यायची हे कायद्यात आधी लिहिलेलं असेल तरच मी ह्या कराच्या बाजूने आहे.