उंची ६ फूट ३ इंच, इलेक्ट्रिक गाडी कोणती घ्यावी?

लंबू_धायरी:
नमस्कार मंडळी. उंची वर लिहिलीच आहे, त्यातही पाय जास्त लांब. धायरी ते हिंजवडी, जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. येताना वारज्यापासून बायको मागे. रेंज, चार्जिंग, सबसिडी सगळं वाचून झालंय, कृपया त्यावर लिहू नका. माझा प्रश्न गुडघ्यांचा आहे. एका शोरूममध्ये गाडी जागच्या जागी वळवायला गेलो तर हँडल गुडघ्याला अडकलं. गुडघे फाकवून बसलो तर सेल्समन म्हणतो, "सवय होईल सर." मागे सरकलो की बायकोला जागा उरत नाही. सीटची उंची विचारली की नुसते आकडे फेकतात: टीव्हीएसची आयक्यूब स्कूटर ७७० मिमी, आथरची रिज्टा ७८०. एका सेंटीमीटरनं माझं काय होणार? उंच लोकांनी सांगा.

कट्टेकरी:
सनरूफवाली कार घ्या. डोकं बाहेर काढून चालवा.

फिरस्ता_नाशिक:
मी ६ फूट २. सीटची उंची विसरा. तो आकडा जमिनीपासूनचा. पाय टेकतील का, एवढंच त्यातून कळतं. आपल्याला हवं ते फूटबोर्ड ते सीट हे अंतर, आणि ते माहितीपत्रकात सहसा सापडत नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये बॅटरी बऱ्याचदा फूटबोर्डखाली असते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या बजाज चेतकच्या ३५ मालिकेत ती तिथेच नेली, म्हणून तर सीटखाली ३५ लिटरची डिकी निघाली. वजन खाली राहतं, वळणावर गाडी छान बसते. पण बॅटरीच्या जाडीमुळे फूटबोर्ड वर आला की आपले गुडघेही वर येतात. मांड्या सीटवर टेकत नाहीत, सगळा भार माकडहाडावर. रोज पन्नास किलोमीटर म्हणजे कंबरेचं काम तमाम.

घरी बूट घालून खुर्चीवर बसा, टाचेपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत मोजा. माझं ४९ सेंमी भरतं. मग टेप घेऊन शोरूममध्ये जा. फोम दबतो, त्यामुळे गाडीवर बसून दुसऱ्याला मोजायला सांगा. तुमच्या मापापेक्षा फार कमी भरलं तर पुढची चौकशीच करू नका. नंतर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, पाय फूटबोर्डवर ठेवूनच. आणि वहिनींना सोबत न्या. एकट्यानं बसून सगळ्याच गाड्या ऐसपैस वाटतात!

रिव्हर इंडी बघितली का? तिचीही सीट ७७०च, पण पुढे बाहेरच्या बाजूला फूटपेग (पाय टेकवायच्या खुंट्या) आहेत, मोकळ्या रस्त्यावर पाय लांब करता येतात. गर्दीत मात्र पाय आतच ठेवा.

स्वाती_कर्वेनगर:
मी मागे बसणारी, नवरा ६ फूट १. आमच्याकडे रिज्टा आहे. सीट ९०० मिमी लांब, त्यामुळे तो मागे सरकला तरी मला जागा उरते. तरी गुडघे वर यायचेच. नाना पेठेत सीटवाल्याकडून फक्त पुढच्या भागात इंचभर जाड फोम भरून घेतला, तोही मऊ नाही, कडक. मऊ फोम महिन्याभरात बसतो. सीटचं लॉक नीट लागतंय ना, ते तिथेच दोन-तीनदा उघडझाप करून बघा. सीट उंच झाली की बुटक्या माणसाची पंचाईत, तुम्हाला काय! मला मात्र आता त्याच्या हेल्मेटशिवाय पुढचं काही दिसत नाही.

लंबू_धायरी:
फिरस्ता, मनापासून आभार. माझं माप ५१ भरलं. काल टेप काढला तर मॅनेजरच बाहेर आला, मी आरटीओचा माणूस आहे की काय अशा नजरेनं बघत होता. पण मोजू दिलं.
आता स्कूटर सोडून मोटरसायकल घेऊ का? रिव्होल्ट आरव्ही४०० ची सीट आठशेच्या वर आहे. अल्ट्राव्हायोलेट एफ७७ सुद्धा आवडली, पण तीन लाखांच्या आसपास किंमत बघून गप्प बसलो.

फिरस्ता_नाशिक:
मोटरसायकलवर गुडघा टाकीच्या बाजूला जातो, हँडलचा प्रश्न मिटतो. तिथे सीट ते फूटपेग मोजा. एफ७७ वर पुढे वाकावं लागतं, उंच माणसाच्या मनगटावर भार येतो. भाड्यानं मिळाली तर ऑफिसच्याच रस्त्यावर दिवसभर चालवा, शोरूमभोवतीच्या चकरेत काही कळत नाही.

लंबू_धायरी:
मोटरसायकल घरून नामंजूर. भाजीची पिशवी कुठे ठेवणार, हा प्रश्न आला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारी दोघं मिळून रिज्टा आणि इंडी बघतोय. स्वातीताई, त्या सीटवाल्यानं किती घेतले, आणि जुनी सीट ठेवून दुसऱ्या सीटवर काम करून देतो का?