अमेरिकेत लुथेरन शाळेत तिसरी, कुणाची मुलं शिकलीयत का?

विश्रामबागवाली

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितेय. ह्यांना कंपनी तीन वर्षांसाठी सेंट लुईसला पाठवतेय, जुलैमध्ये निघायचंय. पोरगा आत्ताच दुसरी पास झालाय म्हणजे तिकडं ऑगस्टमध्ये तिसरीत बसणार. जिथं घर बघितलंय तिथं सरकारी शाळा आहे, फुकट, आणि पाच मिनिटांवर एक लुथेरन चर्चची शाळा आहे जिथं ह्यांच्या ऑफिसमधल्या एकांची मुलं जातात. ह्यांना ती आवडलीय कारण वर्गात पोरं कमी, तिसरी आणि चौथीला मिळून एकच बाई आहेत म्हणे, ते ऐकून मला तर माझ्या माहेरची द्विशिक्षकी झेडपी शाळा आठवली. सासूबाई म्हणतायत चर्चची शाळा म्हणजे पोराला बाटवूनच पाठवतील.

मला एवढंच विचारायचंय की तिसरीत तिकडं नक्की करतात काय, धर्माचा तास सगळ्यांना कंपल्सरी असतो का, आणि गणित आपल्यापेक्षा मागं असतं हे खरं का? पोराचे वीसपर्यंत पाढे पाठ आहेत पण बोलायला लाजतो, वर्गात उठून उत्तर देणं म्हणजे घाम फुटतो त्याला. आणि लुथेरन म्हणजे आपल्याकडच्या कॉन्व्हेंटसारखंच ना? मिरजेच्या मिशन हॉस्पिटलवाले तेच का?

मिरजकर_जुना

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, बाकीचं मला कळत नाही. मिरजेचं मिशन हॉस्पिटल प्रेस्बिटेरियन लोकांचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्याच दुसऱ्या एका पंथाचं, डॉ. वॉनलेस यांनी १८९४ ला सुरू केलं. लुथेरन वेगळे. आणि कॉन्व्हेंट म्हणजे कॅथलिक, तिथं नन असतात. लुथेरन हे मार्टिन ल्यूथरचे, ज्यानं १५१७ ला पोपच्या लोकांशी वाद काढला तो जर्मन. त्यांच्यात सहसा नन वगैरे नसतात, त्यांच्या शाळेतल्या बाई म्हणजे बहुतेक साध्या घरसंसारातल्या बाई. आपल्या देशात ते लोक १७०६ लाच आले, तमिळनाडूत तरंगमबाडीला, आणि तिथं छापखाना काढून तमिळ पुस्तकं छापली. महाराष्ट्रात त्यांचं फारसं काही नाही म्हणून आपल्याला नाव माहीत नसतं. असो, विषय सोडून चाललो.

कृष्णाकाठचा

ताई, मी वाळव्याचा, सेंट लुईसजवळ सहा वर्षं झाली, मुलगी असल्याच एका शाळेत तिसरी करून आता पाचवीत आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर खाली उतरा.

पहिलं म्हणजे तुम्ही जिथं जाताय ते ह्या लोकांचं पंढरपूरच आहे. १८३९ च्या सुमारास जर्मनीतल्या सॅक्सनीतनं लोक जहाजानं आले आणि तिथं वसले, १८४७ ला त्यांची मिसुरी सिनड नावाची संस्था झाली, तिचं हेडऑफिस अजून तिथंच. त्यांची जुनी पद्धत अशी की चर्च बांधलं की शेजारी शाळा काढायची. त्यामुळं धर्माचा तास कंपल्सरी आहे का असं विचारलंत तर हो, आणि रोज आहे, आमच्याकडं तर सकाळचा पहिलाच. त्यातनं सूट मागून मिळत नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं शाळा त्याचसाठी आहे. बुधवारी सगळी शाळा चर्चमध्ये बसते त्याला चॅपल म्हणतात, गाणी, प्रार्थना, पास्टरचं म्हणजे तिथल्या धर्मगुरूचं छोटं भाषण. ३१ ऑक्टोबरला बाहेर सगळं गाव भुतांचे कपडे घालून फिरतं आणि शाळेत त्याच दिवशी ल्यूथरनं ९५ मुद्दे मांडले म्हणून रिफॉर्मेशन डे. पोरांना दोन्ही चालतं, कॅंडी मिळाल्याशी मतलब.

आता पाठांतर. सोमवारी बायबलमधलं एक वचन देतात, शुक्रवारी बाईंसमोर म्हणून दाखवायचं. तिसरीत आमच्याकडं बायबलमधल्या दहा आज्ञा पण घेतल्या, त्या ल्यूथरच्या छोट्या प्रश्नोत्तरीतनं. ते पुस्तक १५२९ चं, घरातल्या कर्त्या माणसानं पोरांना घरी शिकवावं म्हणून लिहिलेलं. त्यात प्रत्येक आज्ञेखाली एकच प्रश्न येतो: याचा अर्थ काय? मग पोरानं अर्थ म्हणायचा. नुसती आज्ञा म्हटली तर अर्धंच काम झालं. आमच्या घरात मनाचे श्लोक चालतात त्यामुळं पोरीला पाठांतराचं काही वाटलं नाही, अर्थाला मात्र ती अडखळली.

आणि ताई, तुमच्या पोराचं खरं अवघड इथंच आहे, अर्थ सांगण्यात, आणि तेही धर्मात नाही, गणितात. तिसरीत तिकडं गुणाकार-भागाकार, अपूर्णांक, क्षेत्रफळ-परिमिती, मिनिटापर्यंत घड्याळ. दहापर्यंतचे पाढे वर्षाच्या शेवटी तोंडपाठ पाहिजेत एवढीच अपेक्षा. तुमचा पोरगा वीसपर्यंत म्हणतो, म्हणजे तो पहिल्या दिवशी राजा. पण मग कागदावर येतं, सात आठे छप्पन्न कसं ते समजावून सांग. चित्र काढ, आठच्या सात रांगा काढ, नाहीतर पाच आठे चाळीस आणि दोन आठे सोळा अशी फोड करून दाखव. माझ्या पोरीनं पहिल्या चाचणीत त्या रिकाम्या चौकटीत लिहिलं होतं, माझ्या आजीनं सांगितलं म्हणून. बाईंनी बाजूला हसरा चेहरा काढला आणि मार्क शून्य दिला. तो कागद अजून फ्रीजवर आहे.

किरकोळ गोष्टी सांगतो. इंच आणि पाव इंच शिकवा, सेंटिमीटरवर वाढलेल्या पोरांना पट्टी उलटी वाटते. नाणी शिकवा, त्यात दहा सेंटचं नाणं पाच सेंटच्यापेक्षा आकारानं लहान असतं, आमची सहा महिने फसत होती. तारीख लिहिताना महिना आधी. रबर म्हणायचं नाही, इरेझर. आणि एक खुशखबर, जोडून लिहायचं कर्सिव्ह तिकडं बऱ्याच ठिकाणी तिसरीत सुरू होतं आणि आपली इंग्लिश मिडियमची पोरं ते आधीच गिरवून गिरवून बसलेली असतात, त्यामुळं तुमच्या लाजऱ्या पोराची वही बाई सगळ्या वर्गाला दाखवतील बघा.

बाटवण्याचं म्हणाल तर माझ्या पोरीला बाप्तिस्मा घे असं आजपर्यंत कुणी म्हटलं नाही. त्यांचं ते कन्फर्मेशन, म्हणजे पोरानं स्वतः धर्म स्वीकारल्याचं सांगायचा विधी, सातवी-आठवीत असतं, तोवर तुम्ही परत सांगलीत.

टाळ_वाजवा

वरच्या दादांनी सगळं गोड गोड लिहिलंय म्हणून मी दुसरी बाजू लिहितो. आम्ही दुसऱ्या राज्यात होतो, शाळेचं नाव घेत नाही. बाई चांगल्या, अभ्यास चांगला, तक्रार नाही. पण रोज एक गोष्ट ऐकली की पोरगं ती खरी मानणारच ना, आठ वर्षांचं आहे ते. आमचा एक दिवस जेवताना म्हणाला, आपली आजी येशूला मानत नाही मग ती स्वर्गात नाही ना जाणार? माझी आई तिथंच ताटावर बसलेली. ती काही बोलली नाही, उठून हात धुतला. मी बाईंना भेटलो, त्या म्हणाल्या आम्ही जे मानतो तेच शिकवतो, तुम्ही फॉर्मवर सही केलीय. बरोबरच होतं त्यांचं. मी फॉर्म न वाचता सही केलेली. वर्षाच्या शेवटी सरकारी शाळेत घातला, तिथं धर्म शिकवतच नाहीत, सुटलो.

आणि फी बघा. चर्चच्या सभासदांना वेगळी, बाहेरच्यांना जास्त. तिसरीपासून सरकारी शाळेत राज्याची परीक्षा पण सुरू होते, तिचा बाऊ करतात काही लोक, आम्हाला काही त्रास झाला नाही.

अजिंक्यताऱ्याखाली

मी साताऱ्याची, झेडपीत शिक्षिका होते, आता रिटायर. अमेरिकेचं मला माहीत नाही पण तिसरीचं माहीत आहे. पहिली-दुसरीत पोरगं वाचायला शिकतं, तिसरीपासून वाचून शिकायला लागतं, ते वळण साताऱ्यातही तिथंच आहे. जे पोर दुसरीपर्यंत हुशार वाटत होतं ते तिसरीत अचानक मागं पडलं असं पालक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा वाचन कच्चं असतं, उदाहरण वाचूनच कळलेलं नसतं. म्हणून पाढ्यांचं सोडा, आत्ता मे महिन्यात रोज एक पान मोठ्यांदा वाचायला लावा आणि पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दात सांगायला लावा. मराठीतनं सांगितलं तरी चालेल. लाजतो म्हणालात ना, त्याला आजीला सांगू दे, आजीसमोर कुणी लाजत नाही.

दोन वर्गांना एक बाई याची भीती नको. मी चार वर्गांना एकटी होते. तिसरीचं पोर चौथीचं ऐकत बसतं, फुकटात शिकतं. आणि हो, तीन वर्षं म्हणजे त्याची इथली चौथी चुकणार, शिवाजी महाराजांचं पुस्तक चौथीला असतं. बालभारतीच्या साइटवर मिळतं, नाहीतर राजवाड्यावर जुनी पुस्तकंवाल्याकडं. बॅगेत टाका.

कृष्णाकाठचा

टाळ भाऊ, तुमचं खरं आहे, आमच्याकडंही तो प्रश्न आला होता, फक्त आई गावाकडं होती म्हणून ताटावर आला नाही. आम्ही तिला सांगितलं की ते असं मानतात, आपण असं मानतो, तू दोन्ही ऐक. कळलं का नाही माहीत नाही. ताई, जे घरी बोलायचं ते शाळा सुरू व्हायच्या आधी बोलून ठेवा एवढंच. आणि फॉर्म वाचा.

विश्रामबागवाली

सगळ्यांचे आभार. काल रात्री हे, मी, सासूबाई सगळ्यांनी बसून वाचलं, टाळ भाऊंचं वाचल्यावर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या मी येणारच आहे की सहा महिने, मला विचारलं तर मी सांगेन त्याला स्वर्गाचं काय ते. ह्यांनी शाळेला मेल टाकलाय, आधी एक दिवस वर्गात बसून बघता येतं का म्हणून. मी पाव इंचाची पट्टी शोधतेय, गणपती पेठेत मिळेल वाटतं. एक शेवटचं, डब्याला काय देता? सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी दोन किलो करायची ठरवलीय.

कृष्णाकाठचा

अरे देवा. ताई शेंगदाणा शाळेच्या डब्यात अजिबात नको, तिकडं पोरांना ॲलर्जी असते, काही वर्गांच्या दारावरच बोर्ड असतो. लाडू, चटणी, कूट घातलेली भाजी, काही नाही. साधी चपाती-बटाटा द्या.

विश्रामबागवाली

दाणे भाजून झालेत. मी नाही सांगणार, ह्यांना सांगायला लावते.