मदत हवी आहे: गरोदरपणात कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल चालतात का?

माझ्या धाकट्या बहिणीला तिसरा महिना चालू आहे. डॉक्टरांनी फोलिक ॲसिड आणि गरोदरपणासाठीची मल्टिव्हिटॅमिन दिली आहे, त्याबद्दल शंका नाही. पण नात्यातल्या एका काकूंनी "बाळाच्या मेंदूला चांगलं" म्हणून कॉड लिव्हर ऑइलच्या, म्हणजे कॉड माशाच्या यकृताच्या तेलाच्या, कॅप्सूल आणून दिल्या आणि ती त्याही घ्यायला लागली आहे.

काल दोन्ही डब्यांवरची बारीक अक्षरं वाचली. मल्टिव्हिटॅमिनमध्ये जीवनसत्त्व अ बीटा कॅरोटीनच्या रूपात आहे, कॅप्सूलमध्ये मात्र थेट रेटिनॉल, म्हणजे जीवनसत्त्व अ चं तयार रूप. माझ्या वाचनात आलंय की रेटिनॉल दिवसाला ३००० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे १०,००० आययूच्या (जीवनसत्त्व मोजायचं एकक) वर जाऊ नये. गेलं तर बाळात व्यंग येण्याचा धोका असतो, आणि पहिले तीन महिने सगळ्यात नाजूक. बीटा कॅरोटीनचं तसं नाही, त्यातून शरीर गरजेपुरतंच अ बनवतं. खरं सांगते, हे वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. कॅप्सूल तूर्त बंद करायला लावल्यात. डॉक्टरांच्या पुढच्या भेटीला दोन्ही डबे सोबत नेणार आहोत.

इथे कोणी डॉक्टर, फार्मासिस्ट असतील तर सांगाल का? बाळाच्या मेंदूसाठी ओमेगा-३ (माशाच्या तेलातला स्निग्ध घटक) हवंच असेल तर यकृताचं तेल सोडून साधं फिश ऑइल चालतं का? भेटीत तिच्या डॉक्टरांना नेमकं काय काय विचारावं?

आणखी एक. पुढे लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू होतील. कॅल्शियमसोबत लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन्हींत अंतर ठेवायचं हे माहीत आहे. पण तिला सकाळभर मळमळतं, पोटात काही टिकत नाही. अशा वेळी तुम्ही कोणती गोळी कधी घेत होतात?