नाण्यांसाठी डिजिटल काटा: दोन दशांशांचा की तीन दशांशांचा?

प्रश्न (सदाशिव पेठ)

जुन्या बाजारातून गेल्या काही रविवारी मी ब्रिटिश काळातील तीन रुपये घेतले. ते 1862, 1905 आणि 1944 सालचे आहेत. या रुपयाचे ठरलेले वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा, म्हणजेच 11.66 ग्रॅम, एवढे मला ठाऊक आहे. ते पडताळण्यासाठी 200 ग्रॅम क्षमतेचा, 0.01 ग्रॅमपर्यंत आकडा दाखवणारा खिशात मावेल असा काटा मागवला. परंतु 1905 चा तोच रुपया त्याने लागोपाठ 11.61, 11.66 आणि 11.57 असा दाखवला. त्याऐवजी 0.001 ग्रॅम दाखवणारा काटा घ्यावा का?

उत्तर (कोथरूड)

घेऊ नये. काटा किती बारीक आकडा दाखवतो आणि तो आकडा किती खरा असतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या काट्याला तेच नाणे तीन वेळा सारखे तोलता येत नाही, त्याचा दुसरा दशांशसुद्धा शोभेचाच समजावा. मात्र दोष काट्याला देण्यापूर्वी पंखा बंद करावा, काटा डगमगत्या टेबलावर न ठेवता ओट्यावर सपाट ठेवावा, नवे सेल घालून तो दहा मिनिटे चालू ठेवावा आणि नाणे पारड्याच्या मधोमध ठेवून, दर वेळी उचलून व शून्य आल्याची खात्री करून, दहा वेळा तोलावे. एवढे करूनही आकड्यांत 0.02 पेक्षा जास्त फरक पडत असेल, तर काटा परत करावा.

उत्तर (रविवार पेठ)

वरील मताशी मी सहमत आहे. तीन दशांशांच्या काट्याला काचेचे झाकण उगाच नसते. श्वासाच्या झुळुकीनेही त्याचा शेवटचा आकडा हलतो. त्या पैशांत एक प्रमाणित वजन घ्यावे. एम-1 या अचूकतेच्या वर्गातील 20 ग्रॅमच्या वजनात 2.5 मिलिग्रॅमपर्यंतच चूक मान्य असते, म्हणजे तुमच्या काट्याच्या शेवटच्या आकड्याच्या पावपट. चलनातली नाणी वजन म्हणून वापरू नयेत: दहा रुपयांच्या द्विधातू (दोन धातूंच्या) नाण्याचे अधिकृत वजन 7.71 ग्रॅम असले, तरी टाकसाळीला थोडी सूट असते आणि वापराने नाणे झिजते. शिवाय असा काटा वस्तुतः वस्तूवरचे गुरुत्वबल मोजतो आणि हे बल विषुववृत्त व ध्रुव यांच्यात सुमारे अर्धा टक्का बदलते, म्हणून कारखान्यात कुठेतरी जुळवून आलेला काटा पुण्यात प्रमाणित वजन ठेवून पुन्हा जुळवून घेणे बरे.

उत्तर (चिंचवड)

क्षमतेचा मुद्दा राहून गेला. नुसत्या वजनावरून चांदी ओळखता येत नाही, कारण 1940 नंतर रुपयातील चांदी 91.7 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर आली, तरी वजन 11.66 ग्रॅमच राहिले. त्यासाठी काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करावे आणि नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात असे लोंबकळत धरावे की ते तळाला वा कडेला टेकणार नाही आणि त्याला बुडबुडेही चिकटणार नाहीत. तेव्हा दिसणारा आकडा म्हणजे नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन. हवेतील वजनाला त्याने भागले की घनता मिळते. जुन्या रुपयाचा पाण्यातला आकडा सुमारे 1.13 ग्रॅम, तर निम्म्या चांदीच्या रुपयाचा सुमारे 1.22 ग्रॅम येतो. फरक अवघा 0.09 ग्रॅमचा असल्याने 0.1 ग्रॅमचा काटा येथे निरुपयोगी ठरतो. शिवाय पेला व पाणी मिळून 200 ग्रॅमची मर्यादा सहज ओलांडतात, तेव्हा 500 ग्रॅम क्षमतेचा, 0.01 ग्रॅमचा काटा पाहावा. (शिवराईसारख्या हाताने ठोकलेल्या नाण्यांसाठी मात्र एवढी बारकाई नको; त्यांची वजने मुळातच कमीजास्त असतात.)

प्रश्नकर्ता (सदाशिव पेठ)

सर्वांचे आभार. पंखा बंद करूनही फरक 0.06 चा राहिला, म्हणून तो काटा परत केला आणि 500 ग्रॅमचा काटा व 20 ग्रॅमचे वजन घेतले. 1862 चा रुपया 11.52 ग्रॅम भरला आणि पाण्यात 1.12 आला, म्हणजे तो झिजला असला तरी चांदी खरी आहे. 1944 चा 11.63 भरला आणि पाण्यात 1.22 आला. तो खोटा असल्याची शंका मला होती, ती निघून गेली. 1905 चा अजून तोलायचा आहे, कारण घरी पाहुणे आहेत आणि या उकाड्यात पंखा बंद करा असे त्यांना सांगणे जमलेले नाही.